मदत हवी आहे: मायकोरायझा घालूनही मिरची खुरटलेलीच

नमस्कार मंडळी. नेरूळला पाचव्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी, ऊन साधारण अकरापर्यंत. जूनमध्ये लाल माती, शेणखत आणि कोकोपीट कालवून सहा कुंड्यांत ज्वाला मिरची लावली. नर्सरीवाल्या काकांनी मायकोरायझाचं पाकीट दिलं, "बुरशी आहे, मुळांना अन्न आणून देते, एकदा टाका नि विसरा." मी चार कुंड्यांत वरून भुरभुरवलं, दोन कोऱ्या ठेवल्या, फरक कळावा म्हणून. (नवरा म्हणाला, आता प्रयोगशाळा पण काढ.) पुढे माझाच धीर सुटला. सगळ्यांना दर पंधरा दिवसांनी चमचाभर डीएपी खत आणि वर मूठभर बोनमील (हाडांचा चुरा).

आता सहाही सारख्याच रडताहेत. रोप वीतभर. दोन पानांमधलं अंतर नखाएवढं. शेंड्याची पानं बारीक, शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळट. जुनी पानं मात्र काळपट हिरवी. पाणी मोरबे धरणाचं, बोअरचं नाही. पालकालाही तीच पावडर घातली होती, ढिम्म फरक नाही. एका कुंडीत मातीवर पांढरा कापूस धरलाय, तोच मायकोरायझा का? जाणकारांनी सांगा, फोटो चढत नाहीयेत.

गच्चीकर: चुरडामुरडा असणार. कडुनिंबाचं तेल मारा.

कुंडीवाली: पानं वळलेली नाहीत हो. उलटून भिंगाने पाहिली, फुलकिडे नाहीत, मावा नाही.

मातीतला: ताई, घोळ डीएपीचा वाटतोय. त्यात ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस), बोनमीलमध्येही मुख्य तेच. ही बुरशी फुकट राबत नाही. ती स्फुरद आणून देते आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीच्या सुमारे ४० कोटी वर्षं जुन्या दगडांतही तिचे ठसे आहेत, इतकी जुनी सोयरीक. पण कुंडीत आयतं स्फुरद असलं की झाड तिला मुळात फारसं शिरू देत नाही. आणि तिच्यामार्फत मिळणारं जस्तही मग आटतं. बारीक पान, आखूड पेर, शिरांमध्ये पिवळं, हे मला जस्ताचं दिसतंय. लोहाचंही असू शकेल. दोन कुंड्या कोऱ्या ठेवल्यात ते उत्तम, पण डीएपीने सहाही एका माळेत ओवल्या.

पावडर वरून टाकून फारसा उपयोग नाही. तिला जिवंत मूळ लागतं, म्हणून रोप लावतानाच खड्ड्यात, मुळाला चिकटेल अशी घाला. पांढरा कापूस म्हणजे शेणखत कुजवणारी बुरशी, निरुपद्रवी. तुमची बुरशी डोळ्यांना दिसायचीच नाही, मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. आणि पालक, मुळा, मोहरी, कोबी यांचं तिच्याशी जमतच नाही, तिथे पैसे पाण्यात.

आता डीएपी, बोनमील बंद. चिलेटेड झिंक (झाडाला सहज घेता येईल असं जस्त) पाकिटावरच्या निम्म्या मात्रेत, संध्याकाळी, आधी दोनच रोपांवर फवारा. पुढची पानं हिरवी, मोठी आली तर जस्तच. नाहीतर लोह बघू.

कुंडीवाली: भरपूर पाणी घालून माती धुऊन काढू का?

मातीतला: स्फुरद तसं धुतलं जात नाही, मातीला धरून बसतं. उलट नत्र आणि पोटॅश वाहून जातील. ती माती पुढे पालकाला वापरा, त्याला बुरशीवाचूनच भागवायचं असतं. मिरचीला नवी माती भरा, शेणखत बेताचं.

कुंडीवाली: दोन मिरच्यांवर फवारलं. पंधरा दिवसांनी इथेच सांगते. बोनमीलची अर्धी पिशवी उरलीये, सीवूड्स-नेरूळमध्ये कुणाला हवी असेल तर न्या, मिरचीवाले सोडून.