शब्दचर्चा : गोपनीयता की खासगीपणा?

प्रश्न

ॲपच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी'ला सगळीकडे 'गोपनीयता' लिहिलेलं दिसतं. 'गोपनीयता धोरण' वाचलं की कंपनीच काहीतरी लपवतेय असं वाटतं. 'खासगीपणा' चालेल का? की 'खाजगी'? आणि संमती, सहमती, परवानगी यांपैकी कुठे काय वापरायचं?

प्रतिसाद १

शंका रास्त आहे. गोपनीय म्हणजे लपवून ठेवण्याजोगं. वाचनीय, स्मरणीय यांच्याच घडणीचा शब्द. मंत्री 'पद आणि गोपनीयतेची' शपथ घेतात ती कारभारात कळलेलं बाहेर न फोडण्याची. म्हणजे माहिती एकाची आणि राखणदार दुसराच.

खासगीचं तसं नाही. अरबी 'खास'ला फारसी 'गी' लागून तो झाला. होळकरांकडे खासगी (घराण्याचा) आणि दौलत (राज्याचा) हे दोन हिशेब वेगळे असत. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेले घाट आणि देवळं खासगीतली. त्यात लपवण्यासारखं काय होतं? उलट सगळं उघड्यावर. फक्त त्या पैशावर हुकूम त्यांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी जो मूलभूत हक्क मान्य केला, तोही याच अर्थाचा. म्हणून 'खासगीपणाचा हक्क' मला नेमका वाटतो.

प्रतिसाद २

पटलं, पण गोपनीयता सरसकट मोडीत काढू नका. डॉक्टर, वकील, बँक यांच्यावर जे बंधन असतं ते गोपनीयतेचंच. हक्क सांगायचा तिथे खासगीपणा, सांभाळणाऱ्याचं कर्तव्य सांगायचं तिथे गोपनीयता. नाव, पत्ता, जन्मतारीख यांना सरळ 'वैयक्तिक माहिती' म्हणा.

प्रतिसाद ३

'वैयक्तिक'ऐवजी 'व्यक्तिगत' घेणार असाल तर एक गंमत बघा. या शब्दात युनिकोडची (संगणक अक्षरं ज्या ठरीव संकेतांनी साठवतो त्यांची) 9 चिन्हं आहेत : व, हलन्त, य, क, हलन्त, त, ऱ्हस्व वेलांटी, ग, त. मजकूर मावत नाही म्हणून ॲपने सहाव्या चिन्हावर कापला तर पडद्यावर उरतं 'व्यक्त…'. अर्थ बरोब्बर उलटा! पाचव्यावर कापला तर 'व्यक्' असा लोंबता पाय मोडलेला क. कापाकापी चिन्हं मोजून करायचीच नाही, अख्खी अक्षरं मोजून करायची. 'स्त्री'त 6 चिन्हं आहेत, अक्षर एकच. त्याहून बरं म्हणजे बटणाला दोन ओळींची जागा द्यावी.

ओळींमधलं अंतरही रोमनच्या मापाने ठेवतात, तिथे घोळ होतो. वरच्या ओळीतल्या 'कृ'चा ऋकार आणि खालच्या ओळीतल्या 'शर्तींचा' मधला रफार-अनुस्वार एकमेकांवर चढतात, नाहीतर अनुस्वार अर्धा कापला जातो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट उंचीपासून सुरुवात करा आणि हेच दोन शब्द खाली-वर ठेवून तपासा.

प्रतिसाद ४

संमतीबद्दल. कॅमेरा, माइक, लोकेशन वापरू द्यायचं ती परवानगी. माहिती अमुक कामासाठी वापरू द्यायची ती संमती. सहमती म्हणजे चार जणांचं एकमत. एकट्याने दाबायच्या बटणावर तिचं काम नाही.

2023च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि बिनशर्त हवी, ती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणं सोपं हवं. संमती मागताना द्यायची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी त्यात आलीच. त्यामुळे नुसतं 'पुढे जा' लिहून संमती घेतली असं धरता येत नाही. 'संमती देतो' लिहिलं की 'देते'चं काय, हा प्रश्न उभा राहतो. तिरकी रेघ मारून 'देतो/देते' लिहिण्यापेक्षा 'संमती आहे' आणि 'संमती नाही' ही जोडी बरी. दोन्ही बटणं एकाच मापाची आणि एकाच ठसठशीतपणाची. सेटिंगमध्ये 'संमती मागे घ्या'.

उपप्रश्न : आणि 'डिलीट'?

यादीतून फक्त दिसेनासं होणार असेल तर 'यादीतून काढा'. 'कायमचं पुसा' तेव्हाच लिहा, जेव्हा सर्व्हरवरची आणि बॅकअपमधली प्रतही जाणार असेल. बॅकअप उशिरा पुसला जात असेल तर किती दिवसांनी, तेही त्याच वाक्यात. 'हटवा' यातलं काहीच नीट सांगत नाही.

प्रतिसाद ५

डिजिटल सहीला 'कूटबद्ध' (एन्क्रिप्टेड) म्हणणारेही भेटतात, म्हणून हे. शिवकालीन पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' हा मोर्तबाचा शिक्का असे : मजकूर इथे संपला, याखाली कोणी भर घालू नये. त्याने पत्र लपत नसे. डिजिटल सहीचं कामही शिक्कामोर्तबाचंच, मजकूर बदलला की ती जुळत नाही. वाचताच येऊ नये म्हणून जे करतात ते कूटबद्ध.

प्रतिसाद १ (पुन्हा)

खासगी/खाजगी राहिलंच. दोन्ही रूढ आहेत, मुळाला धरून खासगी. एका ॲपमध्ये एकच रूप ठेवा, पण सेटिंगच्या शोधपेटीत दोन्ही रूपं एकमेकांना जोडा. नाहीतर 'खाजगी' टाइप करणाऱ्याला 'काही सापडलं नाही' असं उत्तर मिळेल.