मदत हवी आहे: सासऱ्यांचं व्हीएकडचं, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडचं अपील (प्रोस्टेट कॅन्सर, अपंगत्व 100 वरून 20 टक्के)

घाटावरची:

नमस्कार मंडळी. विषय आडवाटेचा आहे, पण इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

माझे सासरे अमेरिकन, ओहायोतले, वय 76. 1969 मध्ये हवाई दलात मेकॅनिक होते, थायलंडच्या उडोर्न तळावर. व्हिएतनाममध्ये नोकरी झालेल्या सैनिकाला पुढे प्रोस्टेट कॅन्सर झाला तर तो एजंट ऑरेंजमुळेच (युद्धात झाडंझुडपं मारायला फवारलेलं रसायन) झाला असं 1996 पासून धरून चालतात, वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. थायलंडवाल्यांपैकी मात्र तळाच्या कुंपणापाशी ड्यूटी असलेल्यांचाच विचार व्हायचा, आणि हे हँगरमध्ये इंजिनं खोलत बसलेले. ऑगस्ट 2022 मध्ये पॅक्ट कायदा आला आणि थायलंडमधले तळ सरसकट त्यात आले. यांचा कॅन्सरही त्याच वर्षी निघाला. अर्ज केला, मंजूर झाला, उपचार चालू असेपर्यंत 100 टक्के अपंगत्व मिळालं.

रेडिएशन आणि हार्मोनची इंजेक्शनं 2024 मध्ये संपली. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी तपासणी होते आणि मग मागे उरलेल्या त्रासावर टक्के ठरतात, हा नियमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. गोची त्या तपासणीत झाली. कंत्राटी डॉक्टरने विचारलं, लघवीचा काही त्रास? हे म्हणाले, विशेष काही नाही. मग कपातीच्या प्रस्तावाचं पत्र आलं, 60 दिवसांत पुरावा पाठवा म्हणून. ते त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं, आम्हाला कळवलंसुद्धा नाही. गेल्या महिन्यात अंतिम निर्णय आला: लघवी गळते म्हणून लावायचे पॅड दिवसाला दोनपेक्षा कमी वेळा बदलावे लागतात, सबब 20 टक्के. महिन्याला चार हजार डॉलरच्या आसपास येत होते, ते साडेतीनशेच्या आसपास येणार.

आता खरं काय ते सांगते. थँक्सगिव्हिंगला आम्ही त्यांच्याकडे होतो. बाथरूममध्ये टॉवेलांच्या मागे पॅडचं पाकीट दिसलं. जेवताना ते दोनदा उठले, दोन्ही वेळा "गाडीत काहीतरी राहिलं" म्हणून. गाडीत काही राहिलेलं नव्हतं. गेल्या वर्षभरात मी त्यांना काळी पँट सोडून दुसऱ्या रंगात पाहिलेलं नाही.

मी साताऱ्याकडची, अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावाजवळची. अशी माणसं बघतच वाढलेय. तोफेखालून परत येतील, पण डॉक्टरपुढे तोंड उघडणार नाहीत.

पुढे काय करावं? फाइलची फेरतपासणी, पुरवणी अर्ज की थेट अपिलांचं बोर्ड? आणि त्यांना बोलतं कसं करायचं? नवरा म्हणतो तू सून आहेस, तू यात पडू नकोस.

पेपरवेट:

मी काउंटीच्या माजी सैनिक कार्यालयात स्वयंसेवक म्हणून हेच कागद भरतो. तीन वाटा आहेत. फेरतपासणी आणि बोर्ड यांना निर्णयाच्या पत्रापासून एक वर्ष, पुरवणी अर्ज नंतरही करता येतो. वरिष्ठांकडून फेरतपासणी (फॉर्म 20-0996) तुमच्या कामाची नाही, तिथे नवा पुरावा घेतच नाहीत, आहे तीच फाइल दुसरा अधिकारी वाचतो. आणि तुमच्या फाइलमध्ये "विशेष काही नाही" लिहिलंय. बोर्डाकडे (10182) नवा पुरावा चालतो, पण रांग लांब. तुम्ही पुरवणी अर्ज भरा, 20-0995. त्याला नवा आणि मुद्द्याचा पुरावा लागतो, तो तुमच्या टॉवेलांमागे आहेच. वर्षाच्या आत टाकलात की जिंकल्यावर पैसे मागच्या तारखेपासून धरतात.

हिशोब असा. पॅड दिवसाला दोनपेक्षा कमी वेळा बदलला तर 20 टक्के, दोन ते चार वेळा 40, चारपेक्षा जास्त 60. रात्री किती वेळा उठतात यावरूनही टक्के ठरतात, पण दोन्हींची बेरीज होत नाही, ज्यात जास्त बसेल ते धरतात. थोडक्यात, 100 परत मिळायचे नाहीत. कॅन्सर परत आलेला नाही ना, मग ते मनातून काढून टाका.

उगाचच:

एवढ्या उठाबशा कशाला? "100 टक्के मिळवून देतो" अशा जाहिराती दिसतात की.

पेपरवेट:

त्यांच्या नादी लागू नका. निर्णयानंतर मान्यताप्राप्त वकील फी घेऊ शकतो, ते कायदेशीर आहे. पण अमेरिकन लीजन, डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी हेच काम फुकट करतात. आधी तिकडे जा.

नर्सताई:

युरॉलॉजीत दहा वर्षं काढलीत. "त्रास आहे का" असं कधीच विचारू नका, उत्तर नाहीच येणार. "काल किती पॅड लागले?" असं विचारा. आकडा विचारला की पुरुष बोलतात, का कोण जाणे. तो आकडा त्यांच्या युरॉलॉजिस्टकडून नोंदवून घ्या. आणखी एक, आणि हे नवऱ्याला विचारू द्या: उपचारांनंतर लैंगिक क्षमता गेली असेल तर त्याची महिन्याला शंभरावर डॉलरची वेगळी रक्कम मिळते, एसएमसी-के म्हणतात. कित्येक जण केवळ लाजेपायी मागत नाहीत.

आणि सासूबाई कुठे आहेत या सगळ्यात? घरच्या माणसाचं लेखी निवेदनही पुरावा म्हणून घेतात, त्याचा वेगळा फॉर्म आहे, 21-10210. रात्री कोण किती वेळा उठतं हे शेजारी झोपणाऱ्याला ठाऊक असतं.

घाटावरची:

सगळ्यांचे आभार. सासूबाईंचं मला सुचलंच नव्हतं. काल फोन केला. बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, थांब, कॅलेंडर आणते. पाकिटं त्याच आणतात. नवं फोडलं की फ्रीजवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलने बारीक ठिपका देतात, पुढचं कधी आणायचं ते कळावं म्हणून. डॅडना वाटतं तो गॅस सिलिंडरचा हिशोब आहे. एका पाकिटात अठरा असतात. ठिपके सहा-सहा दिवसांनी आहेत, जानेवारीपासून.

म्हणजे दिवसाला तीन. पेपरवेट, कॅलेंडरच्या पानांचे फोटो जोडले तर चालतील ना? त्या म्हणतात मूळ कॅलेंडर देणार नाही, त्यावर नातवंडांचे वाढदिवस आहेत.