दीवला फक्त नागवा बीच आणि बाटलीसाठीच जायचं का?

खारा_वारा: सोमनाथ-गीर करून दीवला दोन रात्री राहिलो. गाडीवाला दीवच्या अलीकडच्या उना गावातच म्हणाला, "साहेब, किल्ला तासाभरात उरकतो. मग नागवा बीच, मग तुमचं काय ते." तुमचं काय ते म्हणजे अर्थातच दारू, गुजरातेत बंदी ना, दीव मात्र केंद्रशासित. माझं म्हणणं, गाडी सोडा आणि गावातून पायी फिरा. झांपा दरवाजा, नगरशेठची हवेली, सेंट थॉमसच्या जुन्या चर्चमधलं संग्रहालय. तिथे लाकडी संत ओळीने उभे आहेत, जणू एसटीची वाट बघतायत. एकेकाळी पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या एवढ्याशा बेटावर इतकं आहे आणि लोक सेल्फी काढून पळतात.

सदाशिव_पेठी: पोर्तुगीजांच्या चर्चचं आणि तोफांचं कौतुक आपण का करायचं? गोव्यात त्यांनी काय केलं ते विसरलात? आमच्याकडचे गड ढासळतायत, ते बघा आधी.

वसईवाला: अहो, दीव आणि वसई एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत. हुमायून मागे लागला तेव्हा गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधायची परवानगी. 1537 मध्ये दीवजवळच्या समुद्रात तो त्यांच्याच हातून मेला. वसई चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेतली, दीव सुटायला 1961 चा डिसेंबर उजाडला. दीवचा किल्ला बघितल्यावर मला आमचाच किल्ला नीट कळला. आणि खरं सांगू? तिथला खडकात खोदलेला खंदक बघून पोटात कालवलं. आमच्याकडे तटावर वडाची मुळं आणि आत प्री-वेडिंगवाले.

सदाशिव_पेठी: इतिहास मान्य. पण किल्ला म्हणून बघा, वैभव म्हणून नको. दगड कुणी फोडला ते कुठल्या पाटीवर लिहिलंय?

खारा_वारा: हा मुद्दा पटला. त्यासाठीच नायडा गुंफा बघाव्यात. किल्ल्यासाठी दगड काढून काढून त्या झाल्या असं तिथे सांगतात. आत वरच्या भोकांतून उजेड पडतो आणि भिंतींवर चौकोनी खाचा दिसतात. एकेक खाच म्हणजे कुणाचा तरी दिवस. मला किल्ल्यापेक्षा तिथे जास्त वेळ लागला.

दोन_पोरांची_आई: सगळं छान, पण पोरांना घेऊन जा एकदा! गुंफेत दहा मिनिटं, चर्चमध्ये पाच, मग "आई, पाण्यात कधी जायचं?" आम्ही नागव्यालाच पडून होतो आणि मला त्याची जराही लाज नाही. सुट्टी आहे, परीक्षा नाही. तिथल्या हॉटेलवाल्यांचं पोटही बीचवरच चालतं.

माझगाव_डॉक: ताई, पोरांना खुकरी दाखवा. 9 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानी पाणबुडीने दीवपासून आत समुद्रात आपल्या नौदलाची युद्धनौका 'खुकरी' बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन मुल्ला जहाजावरच राहिले. टेकाडावर स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती. त्याच नावाची दुसरी युद्धनौका आमच्या माझगावात बांधलेली. ती निवृत्त झाल्यावर 2022 मध्ये संग्रहालयासाठी दीवला दिली. जहाज म्हटलं की पोरं बीच विसरतात.

सदाशिव_पेठी: हे मात्र बघायला मी येईन. पण चर्चच्या बाहेरच उभा राहीन.

दीवची_सून: उभे राहा, पण सेंट फ्रान्सिसच्या चर्चबाहेर नको. तिथे दवाखाना चालतो, लोक तुम्हाला पेशंट समजून नंबर लावायला सांगतील. बाकी माझ्या सासरी विचाराल तर म्हणतील, आधी वणाकबाऱ्याच्या धक्क्यावर जा. होड्या लागतात ती वेळ धरा. तिथे तिकीट नाही, पाटी नाही, नाकाला रुमाल मात्र हवा.

दोन_पोरांची_आई: वास चालेल, कोळंबी मिळते का तेवढं सांगा.