फ्रीहब सुटत नाहीये, आत १० मिमीचा बोल्ट अडलाय. मदत हवी आहे

मंडळी, सायकलचं मागचं चाक तीन दिवस उघडं पडलंय आणि मी फ्रीहबच्या (पेडल थांबवलं तरी चाक मोकळं फिरू देणारा, हबला म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला जोडलेला भाग) एका बोल्टपाशी अडकलोय. हे काम घरी केलेलं कोणी असेल तर कृपया वाट दाखवा.

आधी लक्षणं. भर पावसात बरीच सायकल चालवली, शिवाय एकदा प्रेशरच्या पाण्याने धुतली (हो, माहितीये, नको होतं करायला). तेव्हापासून पेडल मारायचं थांबवलं की वरच्या बाजूची चेन झोळ घेते. काही दिवसांनी दुसरंच सुरू झालं. उभं राहून जोर लावला की मधेच पाय एकदम रिकामा खाली जातो. परवा गुडघा हँडलवर आपटला, तेव्हा ठरवलं की आता उघडायचंच.

आतापर्यंत केलेलं काम: चेनव्हिपने (चेनचा तुकडा लावलेला दांडा) कॅसेट, म्हणजे मागच्या गियरच्या दातेरी चकत्यांचा संच, धरून तिला जागी धरणारी लॉकरिंग सोडवली, कॅसेट काढली. हब कप-कोनवालं आहे (सुटे छर्रे वाटीसारखा कप आणि एक्सलवरचा कोन यांच्यामध्ये फिरतात). कोनचा पाना लावून एक्सल काढला, छर्रे डबीत ठेवले. फ्रीहबच्या पोकळीत डोकावलं तर तळाशी षटकोनी खाच दिसते, १० मिमीची ॲलन की बसते. पण बोल्ट हलेचना. फ्रीहबला उलटे आटे असतात असं एका व्हिडिओत पाहिलं होतं, म्हणून घड्याळाच्या दिशेने फिरवतोय. कीला पाइप घालून अक्षरशः अंगावर रेललो. आता खाचेचे कोपरे जातील अशी भीती वाटतेय.

तीन प्रश्न. बोल्ट कसा सोडवू? फ्रीहब आतून पूर्ण उघडून साफ करावं का? आणि छर्रे मोजले तर १७ भरले, हा आकडा बरोबर आहे का?

प्रतिसाद

थांबा! पाइप खाली ठेवा. तुम्ही तीन दिवस तो बोल्ट आवळताय.

उलटे आटे असतात हे खरं, पण ते या बोल्टला नाहीत. फ्रीहबच्या आत, बाहेरच्या तोंडाशी जो छर्ऱ्यांचा कप बसवलेला असतो, त्याला ते असतात. फ्रीहबला हबशी जोडणारा पोकळ बोल्ट साधा, सुलट आट्यांचा. कॅसेटच्या बाजूने बघत घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. व्हिडिओवाल्याने कपाबद्दल सांगितलं असणार.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. फक्त आता तो चांगलाच आवळला गेलाय, त्यामुळे नुसत्या हाताने सुटणार नाही. शिमानोच्या अशा हबांत हा बोल्ट मुळातच ३५ ते ५० न्यूटन-मीटरने बसवतात, त्यावर तुमचं वजन.

की लावण्याआधी एक काम करा. टाचणी किंवा जुना स्पोक घेऊन खाचेचा तळ खरवडा. तिथे काळं ग्रीस दगडासारखं घट्ट झालेलं असतं. की बसली असं वाटतं, पण ती अर्धीच आत गेलेली असते, आणि कोपरे मग तसेच जातात. साफ केल्यावर की टक्क करून बसली पाहिजे.

बाकवाईस (टेबलाला बसवलेला शिकंजा) मिळत असेल तर की त्यात उभी पकडा, चाक कॅसेटची बाजू खाली करून तिच्यावर बसवा आणि रिम दोन्ही हातांनी धरून स्टिअरिंगसारखी डावीकडे वळवा. चाक हाच लांब दांडा होतो, पाइपची गरज पडत नाही. चाकाला टायर असू द्या, हात घसरत नाहीत.

प्रतिसाद

छर्ऱ्यांचं बघा: मागच्या चाकात पाव इंचाचे, प्रत्येक बाजूला ९, म्हणजे १८. एक गेलाय. बहुतेक हबच्या पोकळ नळीत घरंगळला असेल. जमिनीवर शोधण्याआधी लोहचुंबकाचा तुकडा आत फिरवा. नाहीच मिळाला तर एकटा नवीन छर्रा घालू नका, सगळा संच बदला. जुन्या झिजलेल्यांमध्ये नवा किंचित मोठा पडतो आणि सगळा भार तोच घेतो.

धागाकर्ता

हाहा, म्हणजे तीन दिवस मी माझ्याच विरुद्ध कुस्ती खेळत होतो.

खाच खरवडली, तर चमचाभर चिखल-ग्रीस निघालं. की आणखी चार-पाच मिमी आत गेली! वाईसची युक्ती केली. पहिल्या दोन झटक्यांत काही नाही, तिसऱ्याला असा 'कडाक' आवाज आला की वाटलं काहीतरी तुटलं. तुटलं नव्हतं, सुटलं होतं. अठरावा छर्रा हबच्या नळीतच चिकटलेला मिळाला.

आता फ्रीहब हातात आहे. फिरवलं की टिकटिक जवळजवळ येतच नाही, ओल्या वाळूसारखं खरखरतं. हे उघडू का?

प्रतिसाद

नका उघडू. त्या कपाला खास हत्यार लागतं आणि आत ३ मिमीच्या आसपासचे सुमारे ५० बारीक छर्रे, त्यांच्याखाली पातळ चकत्या, दोन खटके आणि त्यांना बाहेर ढकलणारी केसाएवढी स्प्रिंग. मी एकदा हौसेने उघडलं होतं. परत बसलं, पण चकत्यांपैकी एक उरली, आणि तेव्हापासून ते फ्रीहब डोलतंय.

तुमची गोष्ट सरळ दिसतेय. पाणी गेलं, ग्रीस साबणासारखं झालं, खटके आत चिकटले. खटका वेळेवर वर आला नाही की दात पकडत नाहीत आणि पाय रिकामा जातो. हे न उघडताही निघतं. मागच्या बाजूचं रबरी सील बोथट टोकाने अलगद उचला. फटीतून रॉकेल सोडा, फिरवा, ओता, पुन्हा सोडा. पहिल्यांदा चहासारखं निघेल, स्वच्छ निघेपर्यंत करत राहा. मग रात्रभर उलटं ठेवून पूर्ण वाळू द्या. रॉकेल आत राहिलं तर नवं तेल पातळ होऊन बाहेर येईल.

वाळल्यावर जरा दाट तेलाचे थेंब सोडा. घट्ट ग्रीस भरायचा मोह होईल, आवाज छान मऊ होतो म्हणून. तो आवरा. खटके त्यात रुततात आणि थंडीत पुन्हा हीच कथा. आणि डिस्क ब्रेक असेल तर हे सगळं करताना डिस्क काढून लांब ठेवा.

प्रतिसाद

एक राहिलं. फ्रीहब आणि हबच्या मध्ये पातळ वॉशर असू शकते. रॉकेलात किंवा कापडाला चिकटून जाते. ती गेली तर कॅसेट आत सरकते आणि गियर लागत नाहीत, मग लोक डिरेलरला (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) दोष देत बसतात.

धागाकर्ता

वॉशर कापडालाच चिकटलेली सापडली, वेळेत सांगितलंत!

सहा वेळा धुतलं. दाट तेल घातल्यावर टिकटिक परत आली, अगदी स्पष्ट. बोल्ट आवळला, सगळे छर्रे ग्रीसमध्ये रोवून बसवले, डाव्या बाजूचा कोन लावला. पण एक शंका आहे. कोन असा लावला की एक्सलला अजिबात खेळ नाही, तर चाक थोडं जड फिरतंय. जरा सैल केला तर एक्सल किंचित हलतो. कुठलं बरोबर?

प्रतिसाद

चाक बाहेर असताना अगदी किंचित खेळ ठेवा. क्विक रिलीजचा (चाक फ्रेमला घट्ट धरणारा) दांडा आवळला की एक्सल दाबला जातो आणि तो खेळ नाहीसा होतो. चाक सायकलला लावून रिम आडवी हलवून बघा. ठकठक लागली तर पाव आटा आवळा, नाही लागली तर हात लावू नका. कॅसेटची लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर.

धागाकर्ता

पाव आटाही लागला नाही. आज चढावर उभं राहून तीन-चारदा जोर लावला, पाय एकदाही रिकामा गेला नाही. चेनही झोळ घेत नाही. फक्त कॅसेट हाताने धरून हलवली तर किंचित डोलते. हे पण काढायला लागणार का?

प्रतिसाद

नाही. फ्रीहबला एवढा डोल नवीन असतानाही असतो. चालवा.