अनुभव धागा: कोकणात धंदा, तोंडचा शब्द आणि सरकारी कागद

तुमच्या धंद्यात रीतभात आणि कायदा कुठे अडतात, त्यातून वाट कशी काढायची, तेवढंच नेमकं लिहा.

होमस्टे, गुहागर
कर्ज अडतं सातबाऱ्यावर. घरात 'हा तुकडा तुझा' असं ठरलेलं असतं, पण उताऱ्यावर पंधरा नावं आणि निम्मी माणसं मुंबईला. बँक घरातलं ठरलेलं धरत नाही. आधी मृत्यूचे दाखले जोडून वारस नोंद करा. बहिणींची नावं गाळू नका. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि गाळलेलं नाव पुढे हरकत होऊन उभं राहतं. फेरफाराच्या (उताऱ्यावरच्या नावबदलाच्या) नोटिशीवर हरकतीला 15 दिवस असतात. मग सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज. एकजण जरी अडला तरी दिवाणी कोर्ट, म्हणजे वर्षं गेली.

सह्यांची वेळ गणपतीतच साधते, कारण चाकरमानी एका पडवीत तेव्हाच जमतात. कागद आषाढात तयार ठेवा. चतुर्थीला पुढे करू नका, माणसं बिथरतात. गौरी जेवल्या की बसा.

काजू प्रक्रिया, सावंतवाडी
गुहागरच्या दादांनी गणपती सांगितला, आमचं गणित शिमग्याचं. ऐन बी येण्याच्या दिवसांत पालखी घरोघर फिरते, तेव्हा कामाला माणूस मिळत नाही. त्या आठवड्याची ऑर्डर घेऊच नका. बी मात्र उन्हात खडखडीत वाळवून ठेवा. ओली पोत्यात भरली तर गर काळा पडतो.

वसुलीचं म्हणाल तर माल फोनवरच्या शब्दावर जातो आणि तिथेच फसतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, पण माल पाठवण्याआधीची हवी. मग लघुउद्योग (MSMED) कायद्याने गिऱ्हाईकाला लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. थकल्यावर कायदा काढला तर गिऱ्हाईक तुटतं, म्हणून ही अट पहिल्याच बिलावर छापा. चलनावर माल पोचल्याची तारीख आणि सही घ्याच.

आंबा, देवगड
हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (GI) मिळालं, तरी बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. वाशी बाजाराची पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशेब) नीट वाचा: 2016 पासून आडत, म्हणजे दलाली, खरेदीदाराने द्यायची आहे. पण मोहोरावरच दलालाकडून उचल घेतली असेल तर हे बोलायला तोंड राहत नाही. फवारणीचे पैसे पीककर्जातून उभे करा, म्हणजे पेटी कुणाला द्यायची ते तुमच्या हातात राहील.