चर्चा: बोडोनी-दीदो वळणाचं इटॅलिक ३६ पॉइंटांखाली लावूच नये. पटतं का?

बोरूबहाद्दर
मत सरळ मांडतो. बोडोनी, दीदो, प्लेफेअर डिस्प्ले या फॉन्टांची इटॅलिक (कलती) अक्षरं मथळ्यासाठी आहेत. जाड खांब आणि केसाएवढी बारीक रेघ यांतला फरक हाच त्यांचा डौल, आणि लहान मापात तोच नडतो. हिशेब करा: अक्षराच्या मापाचे हजार भाग केले आणि बारीक रेघ त्यातल्या वीस भागांची धरली, तर ७२ पॉइंटांत ती १.४४ पॉइंट भरते, १० पॉइंटांत जेमतेम ०.२. वेबवर १६ पिक्सेलला ०.३२ पिक्सेल, म्हणजे साध्या स्क्रीनवर फिकट करडी सावली. एन, एम, यू यांची जोडरेघ गेली की शब्दात नुसते तिरके खांब उरतात. तरी कॅफेच्या मेनूत पदार्थांचं वर्णन ९ पॉइंट इटॅलिकमध्ये, तेही करड्या रंगात! वाचणार कोण?

खिळेजोड
असहमत. दोष वळणाचा नाही, मोठ्या मापासाठी काढलेली अक्षरं सगळीकडे लहान-मोठी करून लावण्याचा आहे. इटलीतल्या पार्म्यात अक्षरकार बोडोनीच्या काळी प्रत्येक मापाचे पंच (अक्षरांचे पोलादी ठसे) वेगळे कापत. लहान मापात बारीक रेघ जरा भरीव, अक्षर जरा रुंद, मधली जागा सैल. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्पर्स बझार मासिकासाठी अक्षरकार जोनाथन हॉफ्लरने केलेली दीदो ६ ते ९६ पॉइंटांच्या सात वेगवेगळ्या मापांसाठी काढलेली आहे, ती याचसाठी. आज बोडोनी मोडा हा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्यात ६ ते ९६ असा ऑप्टिकल साइझचा, म्हणजे मापाप्रमाणे रेघेची जाडी बदलणारा, अक्ष आहे. गूगल फॉन्ट्सवरून घेताना तो अक्ष मागवा, मग ब्राउझर आपसूक माप निवडतो. नुसतं वजन (अक्षराचा जाडपणा) मागवलंत तर एकच माप सगळीकडे लागतं आणि शिव्या बोडोनीला बसतात.

दुसरी खोट याहून जास्त दिसते. इटॅलिकची फाइल जोडलेलीच नसते, मग ब्राउझर उभं अक्षर कलतं करून देतो. प्लेफेअर डिस्प्लेत छोटा ए बघा: खऱ्या इटॅलिकमध्ये तो एकमजली (नुसतं गोल आणि दांडी), बनावटीत दुमजलीच (वर आकडी असलेला) राहतो.

चौथा_रंग
दोघंही कागद विसरलात. ऑफसेट छपाईत कोटेड (गुळगुळीत लेपाच्या) कागदावर, पांढऱ्यावर काळी, ०.२५ पॉइंटांची रेघ निभावते. गडद रंगातून अक्षर पांढरं सोडायचं असेल तर निदान ०.५ धरा, कारण शाई कडेने आत पसरते. पार्श्वभूमी चार रंगांची असेल आणि रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) जरा हललं तर रेघ बुजलीच. सोनेरी फॉइलच्या पत्रिकांचं तर विचारूच नका: बारीक रेघ मधेच तुटते आणि ई चं पोट भरून येतं.

उपाय साधा आहे, फारसा कोणी करत नाही. अक्षर ६० पॉइंटांचं असलं तरी ऑप्टिकल साइझ हाताने १८-२० वर ठेवा. रेघ जाड होते, वळण टिकतं. अक्षराच्या आउटलाइनला वरून स्ट्रोक (कडेची जादा रेघ) लावू नका, त्याने खांबही सुजतात. आणि मजकुराचा काळा म्हणजे नुसता काळा, चार रंगांचा नव्हे.

शिरोरेषा
पत्रिकेचा विषय निघालाच आहे तर: वधू-वरांची नावं रोमन लिपीत प्लेफेअर इटॅलिकमध्ये लावून खाली देवनागरीलाही इटॅलिकचं ‘आय’ बटण दाबतात. देवनागरीत इटॅलिकची परंपराच नाही. ते बटण अक्षर नुसतं कलतं करतं: शिरोरेषा आडवीच राहते, काने कलतात, गोलाईतला जाड भाग सरकतो आणि शब्द पडतोय असं वाटतं. देवनागरी उभीच ठेवा. डौल जुळवायचा तर मोठ्या मापात रोझा वनसारखा जाड-बारीक फरकाचा फॉन्ट घ्या. रोमनचं माप असं ठेवा, की शिरोरेषा रोमनच्या छोट्या आणि मोठ्या अक्षरांच्या उंचीच्या मधोमध येईल.

बोरूबहाद्दर
अक्षाचं मान्य. पण ज्या सॉफ्टवेअरला तो अक्षच कळत नाही, तिथे गिऱ्हाईक काय करणार? डिस्प्लेची एकच फाइल हातात असलेल्यांसाठी माझी ३६ची मर्यादा कायम. शिवाय प्लेफेअर डिस्प्लेचे इंग्रजी आकडे मुळात जुन्या पद्धतीचे, खाली-वर होणारे. मोबाइल नंबर लावला की ३, ४, ५, ७, ९ ओळीखाली लोंबतात. लायनिंग (एका उंचीचे) आकडे चालू करायचं कोणाच्या लक्षात येतं?

खिळेजोड
ते चौकटीत एक टिक करण्याचं काम आहे, त्यासाठी फॉन्टावर बंदी कशाला! ३६ च्या वर तरी सगळं आलबेल असतं का? सबंध ओळ कॅपिटलमध्ये लावली की इटॅलिकचा प्रवाह तुटतो. लावायचीच तर ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधली जागा) ५०-८० ने वाढवा. छोट्या लिपीत ६० पॉइंटांवर उलट उणे १० ते २०. इटॅलिक एफ नंतर उभा कंस आला तर एफचं डोकं त्यात घुसतं, तिथे हाताने कर्निंग (त्या दोघांमधली जागा) द्या किंवा कंसही इटॅलिक घ्या. तुमच्या नियमाने हे काहीच सुटत नाही.

चौथा_रंग
आणि स्क्रीनवरच्या पीडीएफवर ओके देऊ नका. प्रिंटरवर १०० टक्के मापात प्रूफ काढा, पत्रिका हातात धरतात तेवढ्या अंतरावरून बघा. लेझरवरच रेघ तुटत असेल तर फॉइलला पाठवू नका.