मदत हवी आहे: बोटीच्या टाकीत डिझेल फार हळू जातंय, नोझल सारखं बंद पडतंय

नमस्कार मंडळी,

आमची २८ फुटी फायबरची मासेमारीची बोट आहे. इंजिन आत बसवलेलं, डिझेलचं. डेकखाली २०० लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी. गेल्या काही फेऱ्यांपासून डिझेल भरताना जीव मेटाकुटीला येतोय. नोझल तोंडात घालून दाबलं की पाच-सहा सेकंदांत टक् करून बंद. मग थोडं बाहेर ओढून, आडवं धरून, अर्धवट दाबून भरत बसायचं. पूर्वी १५० लिटर भरायला सात-आठ मिनिटं पुरायची, परवा चाळीस मिनिटं लागली. जरा घाई केली की डिझेल उसळून डेकवर येतं, म्हणून एक जण कायम फडकं घेऊन शेजारी बसलेला असतो. ज्या पाण्यावर आपलं पोट आहे त्यातच तेल सांडायचं, हे मनाला फार लागतं.

आतापर्यंत एवढं करून पाहिलं. बाहेरच्या कडेला व्हेंटची, म्हणजे टाकीतल्या हवेच्या ये-जा करायच्या नळीची, जी टोपी आहे ती काढली. तिच्या जाळीत मिठाचा थर होता आणि मागे कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. सगळं साफ केलं. फरक पडला, पण अगदी थोडा. पंपाच्या नोझलचा दोष असेल म्हणून कॅनमधून नरसाळ्याने ओतून पाहिलं, तरी तोंडाशी तुंबतंच. म्हणजे दोष आमच्याच बोटीत आहे. भरायची नळी ३८ मिमीची आहे, दिसते तेवढी तरी कुठे दुमडलेली नाही.

दोन गोष्टी विचित्र वाटतात. भरताना व्हेंटला कान लावला तर आतून गुडगुड आवाज येतो, आणि कधी कधी दोन-चार थेंब बाहेर उडतात. दुसरं, फेरीवरून आल्यावर टाकीचं झाकण सैल केलं की सुस्स करून हवा आत जाते. इंजिन मात्र अजून कुठे अडखळलेलं नाही.

डेकची फळी उघडायची तर अख्खा दिवस जातो. त्याआधी नेमकं काय शोधायचं ते कळलं तर बरं होईल.

प्रतिसाद १

भाऊ, तुमचं उत्तर त्या गुडगुडीतच आहे. टाकीत जेवढं डिझेल शिरतं तेवढी हवा व्हेंटमधून बाहेर पडायला हवी. व्हेंटची नळी मध्येच कुठेतरी झोळ होऊन लोंबली असणार आणि त्या झोळात डिझेल साचलं असणार. प्रत्येक वेळी हवेला ते डिझेल ढकलून बुडबुड्यांनी वाट काढावी लागते. तेवढ्यात भरायची नळी तुंबते आणि डिझेल नोझलच्या टोकापर्यंत येतं. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. ते बुडलं की त्यातून हवा ओढली जात नाही आणि आतला पडदा झडप पाडतो. नोझल त्याचं काम चोख करतंय.

सुस्स आवाज त्याच कारणाने. इंजिन डिझेल ओढतं, पण बदल्यात हवा सहज आत येत नाही. याकडे दुर्लक्ष करू नका. व्हेंट पूर्ण बंद झाला तर भर समुद्रात इंजिनला डिझेल मिळणार नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. खात्री करायची तर टाकीवरच्या निपलपासून (नळी जोडायच्या तोंडापासून) व्हेंटची नळी सोडवा आणि तशीच थोडं थोडं डिझेल भरून पाहा. सुरळीत गेलं तर दोष नळीत. तरीही तुंबलं तर निपल किंवा भरायची नळी तपासा. जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटून फुगतं, बाहेरून काही कळत नाही.

एक कळकळीची विनंती: नळी टाकीला जोडलेली असताना कंप्रेसरची हवा मारू नका. अशा छोट्या टाक्यांची चाचणी साधारण ३ पीएसआय दाबालाच घेतात, आणि कंप्रेसर सहज १०० पीएसआय देतो. शिवण उसवेल. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची बोट पेट्रोलवर असेल तर त्याने ही उघडी चाचणी करूच नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळात साचते, एक ठिणगी पुरते.

धागाकर्ता

मंडळी, काल फळी उघडली. मधली क्लिप गंजून तुटली होती आणि नळी टाकीच्या कडेवरून खाली वीतभर लोंबत होती. त्यातही ती डिझेलची नळी नव्हतीच. मागे कोणीतरी पाण्याची पारदर्शक नळी टाकलेली, इंजिनाच्या उष्णतेने पिवळी पडलेली, निपलजवळ काचेसारखी कडक. बोटाने दाबली तर तडा गेला. सोडवून बादलीत धरली तेव्हा जवळजवळ दोन कप डिझेल निघालं. नळी सोडलेली असताना भरलं तर एकदाही टक् झालं नाही! दोघांचे मनापासून आभार.

आता १६ मिमीची इंधनाची नळी टाकली आहे, टाकीपासून टोपीपर्यंत सतत चढती, टोपीच्या आधी एक उंच वळसा, म्हणजे लाटेचं पाणी आत यायला नको. दर फूटभरावर क्लिप. काल १६० लिटरपर्यंत धाडधाड गेलं, पण त्यापुढे पुन्हा टक्-टक्. हे कशामुळे?

प्रतिसाद १

व्हेंटचं निपल टाकीच्या पुढच्या टोकाला आहे का? आणि बर्फ आधी भरता का?

धागाकर्ता

हो, निपल पुढेच आहे. आणि बर्फ पुढच्या खणात, नेहमी डिझेलच्या आधी.

प्रतिसाद १

मग बर्फाच्या वजनाने नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली बसते, पुढचं निपल लवकर बुडतं आणि मागच्या कोपऱ्यात हवा अडकून राहते. डिझेल आधी भरा, बर्फ नंतर. तरीही काठोकाठ भरू नका, १० लिटरची जागा मोकळी सोडा. उन्हात डिझेल फुगतं आणि व्हेंटमधून बाहेर येतं. तुमच्या झोळात डिझेल साचलं तेही बहुधा असंच, काठोकाठ भरून हेलकाव्यात चढलेलं.

धागाकर्ता

परवाच्या फेरीला आधी डिझेल भरतो आणि इथे कळवतो. निपल टाकीच्या मधोमध हलवून घेतलंय असं कोणी आहे का? टाकी बाहेर न काढता जमलं का?